अठरा फुटांची खोली

बायकोला हे मी कधी सांगितलं नाही. मुलांना नाही, ज्यांच्यासोबत चाळीस वर्षं पानसुपारी खाल्ली त्या मित्रांनाही नाही. ज्याला सांगायला हवं होतं त्यालाही मी सांगितलं नाही. त्याला ते कळलं, पण कसं कळलं ते पुढे येईलच. तुम्ही समोर बसला आहात असं समजून आज सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही, हे एक बरं आहे. मध्येच मी इकडचंतिकडचं बोलायला लागलो तर समजून घ्या, की टाळतोय. ही सवय जुनी आहे.

मी शाळा तपासायचो. पन्नाशीच्या दशकाची शेवटची वर्षं. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात आला होता. सरकार बदललं, पण तपासणीचे फॉर्म तेच राहिले. हुद्दा सहायक तपासनीसाचा, पण खेड्यात आम्हाला सरसकट डिप्टीसाहेब म्हणत. सत्तावीस वर्षांच्या पोराला पन्नाशीचे गुरुजी उभं राहून नमस्कार करत. डोक्यात हवा जायला आणखी काय लागतं?

आणि ते दिवस — काय सांगू तुम्हाला! अमरावतीहून सकाळची मोटार, टपावर माझी सायकल. अंजनगावला उतरायचं, स्टँडवर चहा घ्यायचा आणि निघायचं. थंडीचे दिवस, दोन्ही बाजूंना पानमळे, त्यांतला तो ओला गारवा अंगाला लागायचा. पुढे कपाशी, तुरीची शेतं. शाळा लांबूनच ओळखू यायची, कारण तपासणीच्या आदल्या दिवशी तिला चुना लागलेला असायचा. अंगण सारवलेलं. पोरांच्या डोक्याला इतकं तेल, की ओघळ कपाळावर आलेले. टकळ्या घेऊन सूत काढत रांगेनं बसलेली पोरं, सगळ्यांचं एकाच वेळी सुरू झालेलं एकसुरी पाढे म्हणणं. अजूनही कुठे ओल्या चुन्याचा वास आला की मी थांबतो. त्या वासानं मला आनंद होतो — आणि लगेच दुसरंही काही होतं.

फसवाफसवी चालायची, नाही असं नाही. कच्ची पोरं त्या दिवशी हमखास तापानं आजारी. हुशार पोरं शेजारच्या गावाहून उसनी आणलेली. एकदा कान फाटलेला एक पोरगा मला लागोपाठ दोन दिवस दोन गावांत भेटला, दोन्हीकडे नकाशात तापी अचूक दाखवली. मी विचारलं, काल तिकडे होतास ना रे? तर म्हणे, "थो माहा मावसभाऊ होय जी." मी इतका हसलो की त्या शाळेला 'उत्तम' देऊन टाकलं. सरकार माझ्या कागदावरून ठरवत असे, की कोणती शाळा चांगली, कोणत्या गावाला पुढचा वर्ग द्यायचा, कोणत्या गुरुजींना कुठे पाठवायचं. आणि माझा कागद हा असा, हसण्यावारी.

बघा, टाळायला लागलो.

त्या गावाचं नाव लिहीत नाही. अंजनगावपासून चार मैल. तिथल्या इंगळे गुरुजींचं तपासणीच्या आधी पत्र आलं होतं — अक्षर असं, की पत्र फ्रेम करून लावावं. शाळा चौथीपर्यंत होती, पाचवा वर्ग मिळावा म्हणून गावाचा अर्ज गेला होता. गावानं श्रमदान करून नवी खोली बांधली होती, ती साहेबांनी मोजावी. आणि शेवटी, 'दुपारचं जेवण आमचे घरी करावे ही विनंती.' मी उलट टपाली होकार कळवला. इंगळे हे आडनाव आमच्याकडे कुणब्यांत सापडतं, माळ्यांत सापडतं, सगळ्यांत सापडतं. मी विचार केला नाही. खरं सांगायचं तर — केला, आणि मला सोयीचा तो केला.

अशी शाळा मी आधी पाहिली नव्हती. गुरुजींनी कच्ची पोरं पुढच्या ओळीत बसवली होती. पुढच्या! मी पहिल्याच पोराला वाचायला सांगितलं, तो पहिल्याच ओळीत अडला. मी घड्याळाकडे पाहिलं. गुरुजी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "घाई नाई बापू. साहेब थांबतेत." आणि मी थांबलो की नाही? पोरानं तो अख्खा धडा वाचला, कण्हत-कुंथत, पण वाचला. हजेरीपटात अठ्ठावीस नावं होती आणि मोजली तर अठ्ठावीस डोकी होती. तुम्हाला यात काही विशेष वाटणार नाही. मला मात्र ते पाहून गुरुजींच्या पाया पडावंसं वाटलं. हे मी मनापासून सांगतोय. आणि त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत मी काय केलं ते पुढे आहे.

चौथीत चार मुली होत्या. त्यांतली एक गुरुजींची, वच्छला. दहा वर्षांची, काटक, डोळ्यांत धिटाई. मी तोंडी हिशेब घातला. इथून अंजनगाव चार मैल, एक मुलगी तासाला दोन मैल चालते, तिथली शाळा अकराला भरते, तर तिनं घरून कधी निघावं? बाकीची पोरं बोटं मोजत होती. ही उभी राहिली.

"नवाले निघा लागन. पन आमाले तिकडं धाडतच नाईत जी."

वर्ग हसला. गुरुजी हसले नाहीत, मान खाली घालून खडू झाडत राहिले. मग माझ्या लक्षात आलं. पाचवा वर्ग गावात आला तर या चौघी शिकतील, नाही आला तर मुलग्यांना सायकलीवर अंजनगावला धाडतील आणि या चौघी चौथीवर थांबतील. एवढं ते सगळं होतं. चार मुलींचं.

नवी खोली मी स्वतः मोजली. नियमानं सोळा फूट लांबी लागायची. मी माझी कापडी फीत एका टोकाला गुरुजींच्या हातात दिली, दुसरं टोक मी धरलं. अठरा फूट भरली. मातीच्या भिंती, पण कोपरे ओळंब्यात. भिंतीला हात लावला तर तळव्याला चुना लागला. मी म्हणालो, "गुरुजी, तुमचा वर्ग झाला समजा." त्यांनी फीत सोडली नाही, तसेच तिचं टोक धरून उभे राहिले. पन्नाशीचा माणूस, डोळे भरून आले होते.

मग आम्ही जेवायला निघालो.

गावाच्या मधून गेलो, पाटलांच्या घरावरून गेलो, नाला ओलांडला. नाल्याच्या पलीकडे वस्ती होती. मला कळायला लागलं होतं. एव्हाना धर्मांतराला दोन-अडीच वर्षं झाली होती. गुरुजींच्या दारातून आतली बुद्धाची तसबीर दिसली, तिला झेंडूचा ताजा हार. अंगणात गोवऱ्यांचा विस्तव होता आणि राखेत रोडगे भाजले जात होते — तो खरपूस वास! मला सांगा, वऱ्हाडी माणसाला यापेक्षा मोठं आमंत्रण कोणतं? सकाळपासून पोटात एक कप चहा होता. गुरुजींच्या बायकोनं डोक्यावरचा पदर सावरला आणि पाय धुवायला तांब्या पुढे केला.

मी म्हणालो, "आज माझा मंगळवार आहे. उपास."

मी कधी उपास केलेला नाही. एकादशी नाही, शिवरात्र नाही. आई चिडायची. पण त्या क्षणी ते तोंडातून इतकं सहज निघालं, की मलाच आश्चर्य वाटलं. मनात काय होतं? विटाळ मानत होतो का? मी कॉलेजात समतेवर भाषण देऊन बक्षीस घेतलेला माणूस. मी असंही म्हणू शकतो, की आईची भीती होती, पाटलाच्या कानावर जाईल अशी भीती होती, ऑफिसात कुजबुज होईल अशी भीती होती. सगळं होतं. पण पाय उंबऱ्याआधीच थांबले, ते कुणाच्या भीतीनं? माझे पाय होते, मीच थांबवले.

गुरुजींच्या चेहऱ्यावर रागाची रेघसुद्धा उमटली नाही. तेच ओशाळले. मंगळवार आहे हे आधी विचारायला हवं होतं, म्हणाले. मग लगबगीनं आत जाऊन केळी घेऊन आले — अख्खी फणी, सालासकट. मी आजही त्या सालांचा विचार करतो. साल असलेलं फळ कुणाच्याही हातचं चालतं, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी माझ्यासाठी वाट काढून ठेवली होती, मला लाज वाटू नये म्हणून. आणि मी? मी म्हणालो, निर्जळी आहे.

ते बायकोला म्हणाले, "मंग साहेबाले उनात कायले उभं ठेवता," आणि माझी सायकल धरून नाल्यापर्यंत पोचवायला आले.

शेरेबुक माझ्या पिशवीत होतं. शेरा कुठेतरी बसून लिहायचा होता, म्हणून मी पाटलांच्या ओसरीवर टेकलो. पाटलांनी जेवायचा आग्रह केला. मी तीन वेळा नाही म्हणालो आणि चौथ्यांदा बसलो. त्यांच्याकडची जेवणं उरकली होती. घाईत केलेलं पिठलं आणि सकाळच्या भाकरी, त्याही गार. नाल्यापलीकडे माझ्यासाठी भाजलेले रोडगे होते आणि मी इथे गार भाकरी मोडत होतो. मला ती गोडही लागली, हे लपवत नाही. भूक होती.

फीत मी शाळेतच विसरलो होतो.

ती घेऊन वच्छला आली. नीट गुंडाळलेली फीत दोन्ही हातांत धरून ओसरीच्या पायरीशी उभी राहिली. घरात साहेबांच्या कडक उपासाची चर्चा ऐकूनच ती निघाली असणार. माझा घास हातात होता. तो खाली ठेवता आला असता, तिला 'ये' म्हणता आलं असतं. मी तो घास तोंडात घातला. तिनं फीत पायरीवर ठेवली आणि ती निघून गेली. धावली नाही. चालत गेली.

आता ऐका. इथवर जे केलं तो भित्रेपणा होता. याच्यापुढे जे केलं त्याला मला दुसरा शब्द सापडत नाही, मी दुष्टपणाच म्हणतो.

मी शिफारस केली असती तर नियमाप्रमाणे महिन्याभरात मला तिथे परत यावं लागलं असतं, खोली पुन्हा पाहायला. गुरुजींनी पुन्हा जेवायला बोलावलं असतं. ती पोरगी दारात उभी असती. तिनं बापाला सांगितलं असेलच, असं मी धरून चाललो होतो. त्या माणसाच्या नजरेला नजर कशी द्यायची? आणि शेरा वाईट गेला तर? तर प्रकरण वर्षभर मिटलं, मला यायची गरज नाही, आणि वर्षभरात माझी बदली होणार होती. हा सगळा विचार मी हात धुता धुता केला. पाटलांनी बडीशेप दिली. मी पेनचं टोपण काढलं आणि लिहिलं —

'नवीन खोलीची लांबी चौदा फूट. जागा अपुरी. पाचवा वर्ग उघडण्याची शिफारस करता येत नाही.'

अठराचे चौदा. अक्षर चांगलं आलं होतं. शेरेबुक पाटलांकडे ठेवून मी सायकलीवर बसलो. पानमळ्यांतून पुन्हा तोच गारवा आला. मी शीळ वाजवत होतो, असं मला आठवतं. आठवण खोटीही असेल. पण खोटी असेल तर ती मला अशीच का आठवते?

कुणी तक्रार केली नाही. सहा महिन्यांत माझी अकोल्याला बदली झाली. लग्न झालं, मुलं झाली. महाराष्ट्र झाला, पुढे जिल्हा परिषदा आल्या, तपासणीचे फॉर्म अखेर बदलले. मीही बदललो, असं मी स्वतःला सांगत असे. हाताखालच्या माणसांना घरी जेवायला बोलवायचो, सगळ्यांना एका पंगतीत बसवायचो, आणि त्याचं मला फार समाधान वाटायचं.

दहा-एक वर्षांनी इंगळे गुरुजी अकोल्याला माझ्या घरी आले. निवृत्तीच्या कागदांत जुन्या नोकरीचा दाखला हवा होता आणि त्या वर्षांतला सही करू शकणारा अधिकारी मीच उरलो होतो. केस पांढरे झालेले, धोतर तसंच स्वच्छ. मला पाहून त्यांना इतका आनंद झाला, की मी घाबरलो. मी सही केली. मग म्हणालो, जेवूनच जायचं. बायकोला सांगितलं, दोन पानं शेजारी मांड. त्या 'शेजारी'वर मी जोर दिला होता.

ते बोलत होते. शाळेत आता सातवीपर्यंत वर्ग आहेत. पाचवा मात्र यायला पाच वर्षं लागली. वच्छला? ती चौथीवर राहिली. तिवश्याकडे दिली, तिची पोरगी आता तीन वर्षांची आहे. मग हसून म्हणाले, "तुमचा शेरा वाचून मी थे खोली पुन्हा मोजली जी. शाळेची फूटपट्टी लावली, अठरा डाव बसे. तीनदा मोजली. मंग म्हंतलं, पट्टीच घासली असन. साहेब कायले चुकतीन?" आणि मग पुढच्या हिवाळ्यात गावानं ती भिंत पाडली. माती पुन्हा कालवली. चार फूट वाढवली.

मी ऐकत होतो. काहीतरी बोललोही असेन.

बायकोनं भाकरी वाढली, वांग्याचं भरीत वाढलं. माझ्या पानात वाढायला ती वाकली, तसे गुरुजी हात पुढे करून म्हणाले, "बाई, साहेबाले काहून वाढता? आज मंगळवार नोय का? त्याईचा तं निर्जळी असते. मले ठाऊक हाय नं. आमच्या घरी पानी नोयतं घेतलं त्याईनं. पोरगी फीत द्याले गेल्ती, थे सांगे, साहेब बिचारे उपाशीपोटी लिहीत बसेल हायेत."

उपाशीपोटी. दहा वर्षांची पोर, तिनं बापाला असं सांगितलं होतं. आणि मी तिच्या भीतीनं चौदा लिहिलं होतं.

बायको खळखळून हसली. तिला काय ठाऊक? "ह्याईचा उपास? अहो गुरुजी, लग्न झाल्यापासून एक वेळ नाई सोडली जेवनाची. मंगळवार नाई अन् एकादशी नाई. तुमाले भलत्याच कोनाचं आठवते." हसत हसत तिनं माझ्या पानात भाकरी टाकली आणि तूप आणायला आत गेली.

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मी पानाकडे पाहत होतो. मला त्यांचं थांबलेलं चावणं ऐकू येत होतं. बायको तूप घेऊन अजून आली नव्हती. मग ते हळूच बोलले. मला नव्हे, स्वतःशीच बोलावं तसं.

"मंग थे खोली अठराच होती."

बायको आली. तिनं तूप वाढलं. गुरुजींनी पानातलं सगळं संपवलं, भरीत पुन्हा मागून घेतलं, तिला म्हणाले, फार चांगलं झालं. हात धुतले, कागदांची पिशवी उचलली आणि मोटारीची वेळ झाली म्हणून निघाले. मी फाटकापर्यंत गेलो. त्यांनी नेहमीसारखा नमस्कार केला.

ते बोलले तेव्हा हो म्हणायला माझ्याकडे वेळ होता. बायको आत होती, आम्ही दोघंच होतो. माझ्या हातात घास होता. तो मी खाल्ला.